रात्रीची तयारी दिवसा

पत्र : आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. वय 66. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा. सेवा म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलं नाही. आमचं गाव आडबाजूला आहे, मोठं हॉस्पिटल गाडीने दोन तासांवर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आठवड्यातून एकदा येतात. घरात मी एकटाच. वडील नाहीत, माझं लग्न झालेलं नाही. शेजारच्या मावशी येऊन-जाऊन असतात. आई म्हणते, मला कुठे नेऊ नकोस, इथेच राहू दे. ताई शहरात असते. ती रोज फोनवर विचारते, तू आईला असंच मरू देणार का? चार दिवस आई जवळजवळ काही खात नाही. रात्री दुखायला लागलं की उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसते. मॉर्फिन दिलंय, पण त्याची सवय लागते असं ऐकलं, म्हणून अगदी असह्य झालं तरच देतो. मी तिचे कपडे बदलायला गेलो की ती तोंड फिरवते. मी बरोबर करतोय का? आणि शेवटच्या क्षणी माझा डोळा लागलेला असला तर?
– एक मुलगा

भाऊ, बरोबर करताय का याचं उत्तर देते, पण आधी दुखण्याचं बघू. उशी पोटाशी धरून बसलेल्या तुमच्या आई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. स्वादुपिंड पोटात अगदी मागे, कण्याला लागून असतं. तिथली गाठ आजूबाजूच्या नसांवर दाब आणते, मग कळ पोटातून आरपार पाठीत जाते. उताणं झोपलं की वाढते, पुढे वाकलं की जरा सैल पडते. म्हणजे आईंनी त्यांच्यापुरता उपाय शोधून काढलाय. पण रात्रभर असं बसून काढायची वेळ त्यांच्यावर यायला नको, आणि ते बऱ्याच अंशी टाळता येतं.

मॉर्फिन असह्य झाल्यावर द्यायचं, हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी काळजीपोटीच सांगितलं असेल, पण ते चूक आहे. साधं मॉर्फिन तोंडाने घेतलं की अर्ध्या तासाच्या आसपास लागू पडायला लागतं आणि सुमारे चार तास टिकतं. कळ शिगेला पोचेपर्यंत थांबलात तर तो अर्धा तास आईंनी कशाच्या आधारावर काढायचा? आणि एकदा डोक्यावर चढलेलं दुखणं खाली आणायला औषधही जास्त लागतं. म्हणून ते घड्याळ बघून द्यायचं असतं, दुखत असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी 1986 साली जी पद्धत सांगितली तिची सूत्रं हीच होती : जमेल तोवर तोंडाने, घड्याळाप्रमाणे, आणि दुखणं जितकं तितक्या पायरीचं औषध. शिवाय दोन वेळांच्या मध्ये कळ उसळली तर द्यायचा वेगळा, जादा डोस असतो. तो किती आणि दिवसातून किती वेळा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आकडा मी इथून सांगणार नाही, आईंना न पाहता सांगणं बरोबर नाही. पण फोन मात्र उद्या सकाळीच करा आणि या शब्दांत सांगा : "रात्री झोप लागत नाही, पुढे वाकून बसावं लागतं, औषध मी अधूनमधून देत होतो, आता वेळेवर द्यायचंय." तुमच्याकडची गोळी साधी आहे की बारा तास पुरणारी, तेही विचारा. बारा तासांची गोळी कधीही कुटून किंवा चावून द्यायची नाही, सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

व्यसनाची भीती मनातून काढून टाका. वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने मॉर्फिन घेणारा माणूस त्याच्या मागे धावत नाही. पुढे मात्रा वाढवावी लागली तर ती बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे. "मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलं" असंही लोक म्हणतात. योग्य मापाने दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. उलट दुखणं कमी झाल्यावर कितीतरी जण चार शब्द बोलतात, उशीला टेकून बसतात, कुणाला तरी भेटायला बोलावतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

दोन गोष्टी मात्र ठरलेल्या. पहिली, मॉर्फिनने पोट धरतं, आणि ते अंगवळणी पडत नाही. त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासून, रोज. हे सांगायचं राहून जातं आणि मग पोट फुगून माणूस कॅन्सरपेक्षा त्यानेच हैराण होतो. दुसरी, सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा ओसरते. हाका मारूनही जाग येईना, श्वास फारच संथ झाला, हातपाय झटके देऊ लागले किंवा नसलेली माणसं दिसू लागली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन. एका वहीत तारीख, वेळ, काय दिलं आणि तासाभराने कसं वाटलं, एवढं लिहीत जा. औषध कुलुपात ठेवा. ती वही सिस्टरांच्या हाती दिलीत की त्यांना आठवडाभराची गोष्ट दोन मिनिटांत कळेल.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीतून आलंय. माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. त्यांनीही घरीच राहायचं ठरवलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी होकार दिला होता. मी तेव्हा नर्स म्हणून दुसऱ्या गावी नोकरीला होते. एका रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या घशात घरघर सुरू झाली. तो आवाज माझ्या भावाने कधी ऐकलेला नव्हता. त्याला वाटलं, बाबा गुदमरतायत. त्याने गाडी बोलावली, वडिलांना चादरीत घालून उचललं. निम्म्या वाटेवर, एका वळणावर गाडी कडेला घेतली. आईच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि भावाच्या हातात उंच धरलेली सलाईनची बाटली. ज्या मरणाला त्यांनी नको म्हटलं होतं, तेच त्यांना आलं. यात भावाची काहीच चूक नव्हती. त्या आवाजाबद्दल त्याला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. मीही नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर घरोघरी रुग्ण बघायला जाऊ लागले तेव्हापासून प्रत्येक घरात मी एकच गोष्ट धरून बसते : रात्रीची तयारी दिवसा करायची. घरच्या मरणाचे हाल बहुतेक वेळा आजारामुळे होत नाहीत. ते रात्री दोन वाजताच्या घबराटीमुळे होतात, आणि ती घबराट आधी टाळता येते.

म्हणून या आठवड्यात सिस्टर येतील तेव्हा त्यांना चहापुरतं नव्हे, तासभर बसवून घ्या आणि डॉक्टरांना फोन लावून तिघांनी मिळून बोला. आईंना गिळता येईनासं झालं तर दुखण्याचं औषध कसं द्यायचं, हा पहिला प्रश्न. तो दिवस येणार हे नक्की. जिभेखाली, गुदद्वारातून किंवा त्वचेखाली, यातली कुठली वाट तुमच्याकडे जमेल ते आत्ता ठरू द्या. त्वचेखालची वाट अवघड नाही. फुलपाखरासारखे दोन पंख असलेली बारीक सुई दंडावर किंवा छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली घालून चिकटपट्टीने बसवतात. ती काही दिवस राहू शकते आणि घरच्या माणसालाही त्यातून औषध द्यायला शिकवता येतं. शिरेत सुई शोधत बसायला नको, आईंना पुन्हा पुन्हा टोचायला नको. उलटी, तळमळ आणि घशातली घरघर यांसाठीची औषधंही आधीच घरात आणून एका डब्यात ठेवा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात लिहा : कशासाठी, किती, केव्हा. औषधाचं दुकान दोन तासांवर असेल तर डब्यात जे नाही ते त्या रात्री नाहीच, असं धरून चला.

डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. आजार काय, औषधं कोणती, आणि हृदय थांबल्यावर छाती दाबणं, व्हेंटिलेटर हे करायचं नाही असं आईंच्या इच्छेने ठरलंय, एवढं त्यात हवं. अशा पत्राला कायद्याने किती वजन आहे हे जागोजागी वेगळं असतं, पण रात्री येणाऱ्या अनोळखी माणसाला ते परिस्थिती सांगतं. घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देईल, हेही आत्ताच विचारा. विचारायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे. तरी विचारा. आणि घरात मोबाईलची रेंज कुठे येते ती जागा मावशींना दाखवून ठेवा, तिथेच भिंतीवर नंबरांचा कागद लावा. टॉर्च चार्ज करून उशाशी.

मावशींचं नाव पत्रात एकदाच आलंय, पण तुमच्या घरातला दुसरा खांब त्या आहेत. केरळात कोझिकोडला 1993 साली काही डॉक्टरांनी वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्याच्या सेवेचं, केंद्र सुरू केलं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर-नर्स कितीही वाढले तरी प्रत्येक घरी रोज पोचणार नाहीत. रोज पोचतो तो शेजारी. मग त्यांनी शेजारपाजारच्या साध्या माणसांनाच शिकवायला घेतलं आणि त्यातून गावोगावी स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. आज जगभर त्याचा दाखला देतात. तुमच्या गावात असं जाळं नसेलही. पण "काही लागलं तर सांग" म्हणणारी पाच-सहा माणसं असतीलच. त्यांना नेमकं काम सांगा. एकाने औषध आणायचं. एकाने एक दिवसाआड चादरी धुवायच्या. कुणीतरी दुपारी दोन ते चार आईंजवळ बसायचं, तेवढ्यात तुम्ही झोपायचं. काम नेमकं असलं की माणूस येतो, मोघम असलं की संकोचाने दारातूनच परत जातो.

खाण्याचं. चार दिवस आई खात नाहीत म्हणून तुमच्या पोटात तुटतंय, आणि ताईंचा रोजचा प्रश्नही मुख्यतः त्यातूनच येत असणार. शरीर मिटत जातं तेव्हा भूकही मिटते. त्या खात नाहीत म्हणून चालल्यात असं वाटतं, पण त्या चालल्यात म्हणून खात नाहीत. सलाईन लावलं तर ताकद येईल, हा समज फार खोल रुजलेला आहे. अमेरिकेत हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या काळातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थांच्या, देखरेखीखालच्या 129 कॅन्सर रुग्णांवर हेच तपासून पाहिलं होतं, 2013 साली ते प्रसिद्ध झालं. एका गटाला रोज एक लिटर सलाईन, दुसऱ्याला नुसतं 100 मिलिलिटर. थकवा, ग्लानी, भ्रम, जगण्याचे दिवस, कशातच फरक पडला नाही. शेवटच्या दिवसांत जास्त झालेलं पाणी उलट पायांत, छातीत आणि घशात साठतं. तेव्हा त्या मागतील ते, मागतील तेवढं, चमचाभर. आग्रह नाही, आणि ठसका लागत असेल तर तेही नाही. पण तोंड कोरडं पडतं, त्याची सेवा दर तासा-दोन तासाला करा : स्वच्छ मऊ फडकं बोटाला गुंडाळून पाण्यात बुडवायचं, पिळायचं, आणि ओठांच्या आतून, जिभेवरून हलकेच फिरवायचं. ओठांना मलम. भरवणारे हात रिकामे झाले म्हणून माणसं सैरभैर होतात, त्या हातांना हे काम आहे.

आता कपड्यांचं. तुमच्या पत्रातलं हे वाक्य सगळ्यात छोटं आहे, पण मला वाटतं तेच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय. आई तोंड फिरवतात ते तुमच्यावर रागावून नव्हे. वयात आलेल्या मुलासमोर उघडं पडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती लाज त्यांची आहे, ती राखली पाहिजे. आधी त्यांनाच विचारा : "आई, हे मी करू की मावशींना बोलावू?" सरळ विचारल्याने अर्धं अवघडलेपण जातं. त्या मावशी म्हणाल्या तर मन दुखवून घेऊ नका. अवघड वेळी मावशी नसतील आणि तुम्हालाच करावं लागलं, तर असं करा. सगळं सामान आधी हाताशी घ्या, म्हणजे मध्येच उठावं लागणार नाही. दार लोटून घ्या. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. अंगावर एक मोठी चादर कायम राहू द्या आणि तिच्याखालून काम करा, ज्या वेळी जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा. पुढे काय करणार ते करण्याआधी सांगा : "आता कूस बदलतोय." तोंड त्यांना स्वतःला पुसू द्या, ओलं फडकं त्यांच्या हातात द्या, हात थरथरला तरी. आणि गप्प राहू नका. दुसरं काहीही बोला, ताईंच्या लहानपणाचं, पावसाचं. माझी एक रुग्ण होती, तिचा मुलगा साफ करताना तिला जुने हिशेब विचारायचा, कुणाकडून किती येणं आहे ते. ती आकडे सांगण्यात गुंतायची आणि काम होऊन जायचं.

चादर बदलायला त्यांना उचलायची गरज नाही. त्यांना तुमच्याकडे कुशीवर घ्या, जुनी चादर पाठीमागून लांबीने गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत आणा, नवी तशीच अर्धी गुंडाळून तिच्या शेजारी लावा. मग त्यांना त्या घडीवरून पलीकडच्या कुशीवर न्या, जुनी ओढून काढा, नवी पसरा. सिस्टरांकडून एकदा हाताने शिकून घ्या, वाचून जमत नाही. दोन-दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांच्या मध्ये उशी. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं रोज बघा. बोटाने दाबून सोडल्यावर लाली फिकट होत नसेल तर तिथे जखम सुरू होतेय, त्या बाजूवर भार नको. अगदी शेवटच्या दिवसांत कूस बदलणंच त्रासाचं झालं तर घड्याळ सोडून द्या, त्यांचा आराम बघा.

ताईंशी भांडू नका. त्या रोज आईंना पाहत नाहीत, त्यांच्या मनातली आई महिन्यापूर्वीची आहे. "असंच मरू देणार का" यातला "असंच" हा शब्द त्यांना बोचतोय, आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. ज्या बाईंनी आजच्या हॉस्पिसचा पाया घातला त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, आणि 1969 पासून तिथल्या नर्स रुग्णांच्या घरी जायला लागल्या. घरी सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. त्या वेदनेला नुसतं शरीराचं दुखणं मानत नसत. भीती, माणसांची ओढ, अर्धवट राहिलेली कामं, श्रद्धेचे प्रश्न, हे सगळं मिळून एकच वेदना असते असं त्या सांगत. तुमच्या आईंची ती सगळी वेदना त्या घरातच ओळखता येते. हे ताईंना समजावण्यापेक्षा त्यांना कामाला लावा. डॉक्टरांशी फोन होईल तेव्हा त्यांनाही जोडून घ्या, प्रश्न त्यांनाच विचारू द्या. औषधांचा साठा कधी संपतो ते त्यांनी लांबून बघायचं. आणि शक्य असेल तर आत्ता यायला सांगा. "कळवतो तेव्हा ये" म्हणू नका. आत्ता आल्या तर आई त्यांना ओळखतील, बोलतील.

आणि हेही लिहून ठेवा : घर हे वचन झालं तरी फास होऊ देऊ नका. औषधं बदलूनही दुखणं आटोक्यात येत नसेल, लघवी अडकून पोट तटतटलं असेल, हाड मोडलं असेल, रक्त थांबत नसेल, किंवा तुम्ही स्वतः तापाने आडवे झालात, तर नेण्यात काही कमीपणा नाही. कशासाठी नेतोय ते आधी ठरवा आणि तिथल्या डॉक्टरांना तेवढंच सांगा. काम झालं की परत आणता येतं. फक्त घाबरून, काय चाललंय ते न कळता नेऊ नका.

म्हणून काय दिसेल ते सांगते. झोप वाढत जाईल, दिवसाचे बहुतेक तास. लघवी कमी आणि गडद. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर, तळव्यांवर जांभळट जाळी दिसेल. अंगावर पांघरूण हलकं असू द्या. काहींना तळमळ लागते, चादर ओढत राहतात, उठायला बघतात. अशा वेळी आधी लघवी तुंबली आहे का, पोट साफ झालंय का, दुखतंय का ते बघायचं, मग डब्यातलं औषध. श्वास बदलेल. भराभर चालेल, खोल होत जाईल, मग उथळ, मग थांबेल. दहा, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. आणि परत सुरू होईल. डॉक्टर त्याला चेन-स्टोक्स श्वास म्हणतात. बघणाऱ्याचा श्वास अडकतो, पण बेशुद्धीत असलेल्या माणसाला त्याची जाणीव नसते असं मानतात. दम लागलाय असं त्या शुद्धीत असताना वाटलं तर उशा लावून उंच बसवा, खिडकी उघडा आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. याने खरंच बरं वाटतं.

आणि घरघर. गिळण्याची ताकद गेली की थोडी लाळ, थोडा कफ घशातच राहतो आणि श्वासाबरोबर वाजतो. आवाज मोठा असतो, आपल्याला ऐकवत नाही. पण चेहरा बघा. कपाळ सैल असेल, भुवया आक्रसलेल्या नसतील, तर त्यांना त्रास नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर, तोंडाच्या कडेला जमलेलं फडक्याने टिपा. डब्यातलं त्यासाठीचं औषध द्या. नळी घालून ओढून काढायची बहुतेक वेळा गरज नसते, उलट इजा होते. हा परिच्छेद मावशींनाही वाचून दाखवा आणि ताईंनाही.

बोलत राहा. 2020 साली कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले होते. मृत्यूला काही तास उरलेले, हाकेला ओ न देणाऱ्यांपैकीही काहींचे मेंदू आवाजातल्या बदलाला प्रतिसाद देताना दिसले. त्यांना किती उमगत होतं ते त्यावरून सांगता येत नाही. पण त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याविषयी कुजबुजायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं, एवढं त्यावरून मी नक्की म्हणेन.

श्वास थांबला आणि परत आला नाही, की काहीही करायची घाई नाही. घड्याळ बघून वेळ वहीत लिहा. डोळे हलकेच मिटा. बसा थोडा वेळ. ताई वाटेत असतील तर त्यांच्यासाठी थांबता येतं. मग डॉक्टरांना, सिस्टरांना फोन.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, डोळा लागलेला असला तर? भाऊ, मी अनेक घरांत बसलेय. रात्र-रात्र हात धरून बसलेला मुलगा तोंड धुवायला उठतो आणि तेवढ्यात माणूस जातं, असं इतक्यांदा झालंय की मला त्याचं आता नवल वाटत नाही. का होतं ते मला सांगता येणार नाही. पण त्या क्षणी जवळ असण्यावर तुमची सेवा मोजू नका. ज्या रात्री आई उशी पोटाशी धरून बसल्या होत्या, त्या रात्री तुम्ही जागे होतात.

पत्रातल्या अक्षरावरून वाटतंय, तुम्ही कित्येक दिवस धड झोपलेला नाहीत. आज रात्रीचं औषध वेळेवर द्या, पुढच्या डोसची वेळ कागदावर लिहून मावशींच्या हातात ठेवा, आणि आईंच्याच खोलीत अंथरूण घालून झोपा. वेळ झाली की त्या उठवतील.